पीसी आपोआप रीस्टार्ट होतोय? फॉरमॅट मारण्याआधी हे बघा

काम चालू असताना स्क्रीन एकदम काळी होते, पंखे क्षणभर मंदावतात आणि मशीन नव्याने बूट व्हायला लागतं. ना निळी स्क्रीन, ना एररचा मेसेज. असं मशीन दुकानात नेलं की पहिला उपाय बऱ्याचदा ठरलेला असतो: 'व्हायरस असेल, फॉरमॅट मारून देतो.' डेटा हलवण्यात एक दिवस जातो आणि तिसऱ्या दिवशी मशीन परत तेच करतं. वीज गेल्यासारखा झटक्यात होणारा रीस्टार्ट हा विंडोजचा दोष क्वचितच असतो.

हे पडताळायची फुकटची चाचणी म्हणजे बायोस, विंडोजच्या आधी चालणारी मदरबोर्डाची स्वतःची सेटिंग्जची स्क्रीन. मशीन सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ दाबून बायोसमध्ये जा आणि तासभर तसंच सोडून द्या. तिथे विंडोज सुरूच झालेलं नसतं. तरीही रीस्टार्ट झालं, तर फॉरमॅटचा विषय संपला. उलटं मात्र खरं नाही. बायोसमध्ये तासभर टिकलं म्हणून हार्डवेअर ठीक असं होत नाही, कारण ग्राफिक्स कार्डाला तिथे काही कामच नसतं.

आता नोंद बघा. स्टार्टमध्ये इव्हेंट व्ह्यूअर शोधून विंडोज लॉग्ज, मग सिस्टिम उघडा. तिथे लाल खुणेची 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद जवळपास नक्की सापडेल. ती वाचून लोक ४१ नंबरचा इलाज शोधत बसतात. पण ४१ हे कारणच नाही. मशीन पुन्हा चालू झाल्यावर विंडोज लिहून ठेवतं की मागच्या वेळी नीट बंद झालो नव्हतो, एवढाच तिचा अर्थ. कामाचा आकडा आत आहे. त्या नोंदीच्या डिटेल्समध्ये 'बगचेक-कोड' बघा. तिथे ० असेल तर विंडोजला क्रॅश नोंदवायलाही वेळ मिळाला नाही, म्हणजे बहुधा वीज तुटली किंवा रीसेट बसला. ० सोडून दुसरा आकडा असेल तर ती निळी स्क्रीनच होती, फक्त दिसायच्या आत रीस्टार्ट झाला. २९२ दिसलं तर प्रोसेसर किंवा बोर्डाच्या पातळीवरची हार्डवेअर एरर समजा. निळी स्क्रीन थांबून वाचता यावी म्हणून ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्जमधल्या 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'त जाऊन 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'ची टिक काढून ठेवा. आणि नोंद १०७४ असेल तर घाबरू नका. तो कुणीतरी सांगून केलेला रीस्टार्ट असतो, बहुतेकदा विंडोज अपडेटचा.

कोड ० आला की भिंतीपासून सुरुवात करायची. सॉकेटमध्ये पिन हलते का? एक्स्टेन्शन बोर्ड गरम लागतो का? एसएमपीएसच्या, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्याच्या मागे खोचलेली पॉवर केबल सैल आहे का? कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं होत असेल तर अर्थिंग नाही. त्यामुळेच रीस्टार्ट होतो असं नाही, पण ते वायरमनकडून आधी करून घ्या.

मग यूपीएस. घरगुती ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये साधारण १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी असते आणि ती दोन-तीन वर्षांत थकते. दिवा हिरवाच असतो, पण वीज जाताच यूपीएस लोड धरू शकत नाही. पीसी बायोसमध्ये ठेवून यूपीएसचा भिंतीवरचा स्विच बंद करा. मशीन पडलं तर बॅटरी बदला. पीसी इन्व्हर्टरवर असेल तर इन्व्हर्टर 'यूपीएस मोड'वर आहे का तेही बघा. साध्या मोडमध्ये बॅटरीवर जायला वेळ लागतो, आणि चांगला एसएमपीएससुद्धा पूर्ण लोडवर विजेविना जेमतेम १६ मिलिसेकंद तग धरतो. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तनच २० मिलिसेकंदांचं असतं, यावरून अंदाज घ्या. ट्यूबलाइट नुसती लुकलुकली आणि पीसी रीस्टार्ट झाला, ही तक्रार इथली असते.

गेम, रेंडरिंग किंवा व्हिडिओ एक्स्पोर्ट चालू असतानाच पडत असेल तर संशय थेट एसएमपीएसवर. असेंबल्ड मशीनमध्ये कॅबिनेटसोबत आलेल्या एसएमपीएसवर '४५० वॅट' छापलेलं असतं. त्या मोठ्या आकड्याकडे बघू नका. लेबलवर +१२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. १४ अँपिअर असतील तर १२ गुणिले १४, म्हणजे १६८ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड प्रामुख्याने याच १२ व्होल्टवर चालतात. जीटीएक्स १६६० कार्ड १२० वॅटचं, प्रोसेसर ६५ वॅटचा, बेरीज १८५. बाकी पंखे आणि हार्ड डिस्क अजून धरलेच नाहीत. असा एसएमपीएस ब्राउझरवर वर्षभर बिनतक्रार चालेल आणि गेम उघडताच मान टाकेल.

मल्टिमीटर असेल तर मोलेक्सच्या (एसएमपीएसमधून येणारा चार वायरींचा प्लग) पिवळ्या आणि काळ्या वायरवर लोडखाली व्होल्टेज मोजा. ११.४ ते १२.६ च्या बाहेर गेलं तर एसएमपीएस बाद. आकडा आत असला तरी तो निर्दोष सुटत नाही, कारण काही मिलिसेकंदांचा खड्डा मीटरला दिसतच नाही. एसएमपीएसच्या मदरबोर्डाला जाणाऱ्या मोठ्या प्लगमधली हिरवी वायर काळीला जोडून पंखा फिरतो का बघणं ही तर चाचणीच नव्हे. तो फक्त चालू होतो एवढं कळतं. खरा निकाल ओळखीच्याचा चांगला एसएमपीएस दोन दिवस लावूनच लागतो. जुना उघडून बघू नका, आतल्या मोठ्या कपॅसिटरवर प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो.

नवा एसएमपीएस विकत घेण्याआधी मात्र एक काम करा. मदरबोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात, समोरच्या बटणांच्या वायरी येतात तिथली 'रीसेट एसडब्ल्यू' लिहिलेली दोन पिनांची वायर मशीन बंद करून काढून टाका. धुळीने किंवा प्लास्टिक झिजल्याने रीसेट बटण आत अडकतं, आणि टेबलाला धक्का लागला की मशीन रीस्टार्ट होतं. पॉवरचं बटण वेगळं असल्यामुळे पीसी नेहमीसारखा चालू होईल. रीस्टार्ट थांबले तर खर्च शून्य.

उष्णतेला लोक फार दोष देतात. प्रोसेसर तापला की आधी मंदावतो आणि अगदीच हाताबाहेर गेलं तर मशीन सहसा बंद पडतं, आपोआप परत उठत नाही. तरी एचडब्ल्यूइन्फो या फुकट सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसरचं तापमान बघा. काही काम नसताना ७० अंश दिसत असेल तर कूलरची एखादी पुश-पिन (बोर्डात दाबून बसवायची खुंटी) अर्धवट बसलेली असते किंवा प्रोसेसर आणि कूलरच्या मधली थर्मल पेस्ट वाळलेली असते. जुनी पुसून वाटाण्याएवढा नवा थेंब पुरतो.

राहिली रॅम. कोड ० ऐवजी दर वेळी वेगवेगळे आकडे येत असतील तर आधी तिच्याकडे बघा. कोकणात पावसाळ्यानंतर सोनेरी संपर्कांवर थर चढलेला दिसतो. प्लग काढा, पट्टी बाहेर घ्या, पांढऱ्या खोडरबराने एकाच दिशेने हलकं घासा, भुगा ब्रशने झाडा आणि दोन्ही बाजूंची 'टक' ऐकू येईपर्यंत बसवा. बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग, चालू असेल तर बंद करा. मग पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमचे चार पास (पूर्ण फेऱ्या) रात्रभर लावा. एकही लाल ओळ आली तर एकेक पट्टी वेगळी लावून पुन्हा तपासा, आणि त्याच पट्टीला दुसऱ्या स्लॉटमध्येही बसवून बघा. दोष पट्टीचा नसून स्लॉटचा असला तर दुकानदार नवी रॅम विकेल आणि मशीन तसंच राहील.