सतरा नंबरचा पाना आणि घरची सर्व्हिसिंग

कणकुंबीच्या पावसात फिरणारी गाडी आणि अथणीच्या फुफाट्यात फिरणारी गाडी, दोन्ही बेळगाव जिल्ह्यातल्याच. पण बऱ्याच कंपन्यांच्या सर्व्हिस बुकात दोघींना आकडा एकच: 10,000 किलोमीटर किंवा एक वर्ष. त्याच बुकात मागे बारीक अक्षरात असतं, की धुळीत किंवा रोज जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीचं काम लवकर करा. ते पान कुणी वाचत नाही. घरी काम केलं की मजुरी आणि तिच्यावरचा 18 टक्के जीएसटी वाचतो, शिवाय आपल्या रस्त्याप्रमाणे वेळापत्रकही ठरवता येतं.

गाडी वॉरंटीत असेल तर मात्र घाई करू नका. सर्व्हिसची नोंद कंपनीच्या सिस्टीममध्ये असू द्या. खालचं सगळं वॉरंटी संपलेल्या साध्या पेट्रोल गाडीसाठी आहे.

ऑइलपासून सुरुवात. ग्रेड, म्हणजे ऑइलचा पातळ-जाडपणा, मॅन्युअलमध्ये असेल तोच: 0डब्ल्यू-20 लिहिलंय तिथे दुकानदार म्हणतो म्हणून 20डब्ल्यू-40 ओतू नका. लहान इंजिनांना फिल्टरसह साधारण तीन लिटर लागतं, नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. ऑइलबरोबर ऑइल फिल्टर आणि चेंबरच्या, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याच्या, बोल्टचा नवा वॉशर घ्या. वॉशर किरकोळ पैशांत मिळतो, आणि जुनाच परत बसवल्यामुळे थेंब गळणाऱ्या गाड्या भरपूर दिसतात.

गाडी सपाट, पक्क्या फरशीवर घ्या. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, मागच्या चाकांना लाकडी पाचर लावा. जॅकने उचलून गाडी दोन लोखंडी स्टँडवर ठेवा आणि खाली जाण्याआधी हलवून बघा. आपल्याकडे अंगणात चिरे पडलेलेच असतात, म्हणून गाडी त्यांच्यावर टेकवतात. हे कधीही करू नका. चिरा आणि वीट आधी कुरकुरत नाहीत, एकदम फुटतात. नुसत्या जॅकवरच्या गाडीखालीही डोकं घालायचं नाही. स्टँड नसतील तर हे काम गॅरेजला द्या आणि घरी फक्त एअर फिल्टर आणि एसीचा फिल्टर बदला.

गाडी उचलण्याआधी इंजिन तीन-चार मिनिटं चालवून बंद करा. ऑइल कोमट हवं, कढत नको. ऑइल भरायचं झाकण सैल करा. चेंबरचा बोल्ट बऱ्याच मारुतींना सतरा नंबरचा असतो. त्याला रिंग पाना किंवा गोटी पाना लावा, उघडा पाना लावलात तर बोल्टाचे कोपरे झिजतात. ऑइल गळत असताना फिल्टर काढा आणि जुन्या फिल्टरचं रबर इंजिनला चिकटून राहिलेलं नाही ना, हे बोट फिरवून बघा. जुन्या रबरावर नवं रबर बसलं, की इंजिन सुरू होताच दाबाने ऑइल बाहेर उडतं. नव्या रबराला ऑइलचं बोट लावा, फिल्टर हाताने फिरवा, रबर टेकल्यावर पाऊण फेरा आणखी. पान्याने आवळू नका.

चेंबरचा बोल्ट आधी हातानेच चार-पाच आटे चढला पाहिजे. अडखळला तर काढून पुन्हा लावा. चेंबर ॲल्युमिनियमचं असेल तर जोर लावून आटे जातात, आणि मग वाचवलेल्या मजुरीच्या कितीतरी पट खर्च बसतो. टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते मोजणारा) असेल तर मॅन्युअलमधला आकडा लावा.

ऑइल पाव लिटर कमीच भरा. गिअर न्यूट्रलला आणा आणि इंजिन एक मिनिट चालवा. ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे, नाही विझला तर लगेच बंद करा. गाडी खाली उतरवा, पाच मिनिटं थांबा, मग ऑइल मोजायची पट्टी बघून थोडं थोडं वाढवा. वरच्या खुणेच्या पुढे गेलं तर क्रँक (इंजिनातला फिरणारा दांडा) ऑइल घुसळून फेस करतो, आणि फेसाने बेअरिंगला वंगण मिळत नाही.

आमच्या भागात ऑइलइतकंच लक्ष एअर फिल्टरला द्यायला हवं. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरांमागे रांगत चालणारी गाडी बारीक धूळ सतत ओढते. हंगाम संपला की तो उघडा. कागदी फिल्टर पाण्याने धुवायचा नाही, हलक्या हवेने आतून बाहेर फुंकायचा, काळा किंवा फाटका असेल तर बदलायचा. खोक्याच्या सगळ्या क्लिपा बसल्या का ते तपासा, कारण फटीतून शिरणारी धूळ मळक्या फिल्टरपेक्षा वाईट. एसीचा फिल्टर बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्समागे असतो. तो पावसाळ्यानंतर बघा, बुरशीचा वास बऱ्याचदा तिथून येतो. फिल्टरवरच्या बाणाची दिशा चुकवू नका.

स्पार्क प्लग बदलायचे तर इंजिन पूर्ण गार हवं. प्लगभोवतीच्या खड्ड्यातली धूळ आधी फुंकून काढा, नाहीतर ती सिलिंडरात पडते. कूलंटच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या) टाकीत विहिरीचं किंवा बोअरचं पाणी घालू नका, क्षार बसतात. तयार कूलंट घाला, आणि गरम इंजिनवर झाकण उघडू नका.

ब्रेकचे पॅड टॉर्च मारून बघायला हरकत नाही. तीन मिलिमीटरच्या आसपास आले की मिस्त्रीकडे जा. ब्रेक आणि एअरबॅग शिकण्यासाठी नाहीत.

जळकं ऑइल वाळवीसाठी खांबांना फासायची सवय गावोगाव आहे, ती सोडा. आपली लाल माती आणि चिऱ्याचा खडक पाणी झटकन मुरवतात, आणि परसातली विहीर जवळच असते. ऑइल रिकाम्या कॅनमध्ये भरा आणि जुनं ऑइल घेणाऱ्या गॅरेजला द्या.

तारीख, किलोमीटर, ऑइलचा ग्रेड वहीत लिहा आणि बिलं जोडून ठेवा, गाडी विकताना गिऱ्हाईक ती मागतं. पहिल्या शे-दोनशे किलोमीटरनंतर चेंबरच्या बोल्टाखाली आणि फिल्टरभोवती कागद फिरवून बघा. कोरडा निघाला तर झालं. ओला निघाला तर बोल्ट आणखी आवळत बसू नका, वॉशर बदला.