चौथ्या सॉकेटचा लाल ठिपका

सापडला एकदाचा! माझ्या व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमधल्या ज्या दोषीच्या तीन आठवडे मागे लागलो होतो, तो काल रात्री पावणेबाराला हाती लागला, आणि तो व्हॉल्व्ह नाही. मागच्या नोंदीत मी ठासून लिहिलं होतं की उजव्या चॅनेलचे बीईएल (भारत इलेक्ट्रॉनिक्सचे जुने ईएल८४, म्हणजे स्पीकर चालवणारे आउटपुट व्हॉल्व्ह) संपले, नवे ईएल८४ आले की प्रश्न मिटला. ते विधान मागे घेतो. ते वाचून कुणी आपले जुने व्हॉल्व्ह मोडीत काढायला निघाला असेल तर आधी हे वाचा.

सर्किट तेच आहे. पुश-पुल (दोन व्हॉल्व्ह एकमेकांच्या उलट दिशेने काम करतात), प्रत्येक चॅनेलला दोन ईएल८४, दोघांत मिळून एकच १३० ओहमचा कॅथोड रेझिस्टर, बी-प्लस (व्हॉल्व्हना लागणारा उच्च डीसी पुरवठा) ३१० व्होल्ट. म्हणजे ॲनोड आणि कॅथोडमध्ये ३००. डेटाशीटच्या हिशेबाने इथे प्रत्येक व्हॉल्व्ह ॲनोडला ३६ मिलिॲम्पिअर आणि स्क्रीनला ४ घेतो. दोघांचे मिळून ८०, कॅथोडवर १०.४ व्होल्ट. ३०० व्होल्टला ३६ मिलिॲम्पिअर म्हणजे १०.८ वॅट, आणि ईएल८४च्या ॲनोडची मर्यादा १२ वॅट. त्यामुळे एखादा व्हॉल्व्ह थोडा जरी जास्त ओढायला लागला तरी लगेच जाणवतं, ॲनोड तापून लाल होतो.

चार नव्या व्हॉल्व्हची चौकडी निवडताना माझ्यासमोर तीन रस्ते होते. जुना बीईएलचा साठा हा पहिला. बंद पडलेल्या रेडिओच्या दुकानांतून तो अजून निघतो, आणि त्या आवाजावर माझा जीव आहे, पण चार सारखे मिळणं नशिबाचा भाग. दुसरा रस्ता स्लोव्हाकियाच्या जेजे कंपनीचे नवे, आणि तिसरा रशियन ६पी१४पी-ईव्ही, जे व्होल्टेज जास्त सोसतात. इंदूरला रात्री अकरानंतर माझ्या घरात २४६ व्होल्ट येतात. तेव्हा बी-प्लसही चढतं आणि हीटरला ६.३ऐवजी ६.७ मिळतात. त्यामुळे माझा कल रशियनकडे होता. पण चार मॅच केलेले (सारखा करंट ओढणारे) जेजे आधी मिळाले आणि मी ते घेतले. विक्रेत्याने प्रत्येक डब्यावर पेनने करंट लिहून दिला होता: ३५, ३५, ३६, ३६. नुसता ‘मॅच्ड’चा स्टिकर लावणाऱ्यांपेक्षा असा आकडा लिहून देणारा माणूस मला केव्हाही जवळचा.

बसवले. डावा चॅनेल पहिल्या फटक्यात छान. उजव्यात अर्ध्या तासाने चौथ्या सॉकेटमधल्या व्हॉल्व्हच्या ॲनोडवर, शिवणीच्या कडेला, गुंजेएवढा लाल ठिपका दिसला. खोलीतला दिवा लावला की दिसायचा नाही. दिवा घालवला की करड्या पत्र्यावर तो हळूहळू पसरताना दिसायचा. ज्यांनी हे पाहिलंय त्यांना पोटात कसा गोळा येतो ते सांगायला नको. स्विच बंद.

दोघांचा करंट वेगवेगळा मोजायला माझ्याकडे वेगळे रेझिस्टर नव्हते, म्हणून आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीच्या दोन अर्ध्यांवरचा व्होल्टेज ड्रॉप घेतला. लक्षात असू द्या, दोन्ही अर्ध्यांचा रेझिस्टन्स सारखा नसतो. माझ्याकडे आतला १५५ आणि बाहेरचा १७० ओहम आहे, आणि नुसते व्होल्ट पाहून तुलना केली तर फसगत होते. तिसऱ्यावर ४.२ व्होल्ट, म्हणजे २७ मिलिॲम्पिअर. चौथ्यावर ९ व्होल्ट, म्हणजे ५३! सोळा वॅटच्या घरात. एक उपाशी आणि दुसरा दोघांचं जेवतोय.

मी सरळ विक्रेत्याला फोन लावला, व्हॉल्व्ह खराब आहे म्हणून. त्या भल्या माणसाने एकही प्रश्न न विचारता दुसरा पाठवला. तोही त्याच सॉकेटमध्ये अर्ध्या तासात लाल.

तेव्हा रामबागेतल्या काकांकडे गेलो. काकांनी उभा जन्म व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करण्यात घालवला. आता डोळ्यांनी नीट दिसत नाही, पण सांगितलेलं सगळं मनात सर्किटसारखं उभं करतात. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “अरे, व्हॉल्व्ह काय बदलतोस सारखा? जागा बदल त्यांची.”

घरी येऊन तिसरा चौथ्यात आणि चौथा तिसऱ्यात लावला. लाल ठिपका व्हॉल्व्हबरोबर गेला नाही, चौथ्या सॉकेटलाच राहिला. हे दहा मिनिटांचं काम मी पहिल्या दिवशी करायला हवं होतं. दोष व्हॉल्व्हबरोबर फिरला तर व्हॉल्व्ह, जागेवर राहिला तर सर्किट.

आता सर्किटमध्ये एका ईएल८४ला जास्त करंट ओढायला लावेल असं काय? करंटला आवर घालणारी व्हॉल्व्हची जाळी, म्हणजे ग्रिड, पॉझिटिव्ह होतंय. त्याची कारणं मोजकी: ग्रिड लीक रेझिस्टर तुटलेला, सॉकेटची पिन सैल, नाहीतर फेज स्प्लिटरकडून (सिग्नलचे दोन उलट भाग करणाऱ्या आधीच्या टप्प्याकडून) येणारा कपलिंग कपॅसिटर, ज्याने फक्त सिग्नल पुढे सोडून डीसी अडवायचा, तो डीसी गळतोय. रेझिस्टर मोजला, बरोबर ४७० किलोओहम. सॉकेटच्या पिना आयसोप्रोपिलने पुसून सुईने आवळल्या. राहिला कपॅसिटर. त्याची खरी चाचणी अशी: व्हॉल्व्ह काढायचा, बाकी सगळं चालू ठेवून पिन २ (ग्रिडची पिन) आणि ग्राउंडमध्ये डीसी मोजायचा. व्हॉल्व्ह नसतानाही व्होल्टेज राहिलं तर कपॅसिटर दोषी. नाहीसं झालं तर व्हॉल्व्हचंच ग्रिड बिघडलेलं. एकच कॅथोड रेझिस्टर असेल तर त्या चॅनेलचे दोन्ही व्हॉल्व्ह काढा, कारण एकटा उरलेला बिचारा दोघांचा करंट ओढायला जातो. आणि भार कमी झाल्याने बी-प्लस वर चढतं, तेव्हा फिल्टर कपॅसिटरचं व्होल्टेज आधी तपासा. हात घालण्यापूर्वी ते डिस्चार्ज करायचे हे तर आहेच.

केलं सगळं. मीटरवर ०.०४ व्होल्ट. कपॅसिटर निर्दोष!

इथे मी एक अख्खा आठवडा घालवला. कॅथोड रेझिस्टर बदलला, त्याचा बायपास बदलला, ग्रिड स्टॉपर बदलला, जेल रोडवरून नवीन सिरॅमिक सॉकेट आणून नऊच्या नऊ डाग पुन्हा दिले. तो संशयित कपॅसिटर एक पाय सोडवून मीटरच्या ओहम रेंजवरही पाहिला. अनंत. कपॅसिटन्सही बरोबर, ०.१ मायक्रोफॅरड. आणि रात्री पुन्हा तो ठिपका. एका रात्री इतका वैतागलो की रशियन चौकडीची ऑर्डर देऊन मोकळं व्हावं असं वाटलं. त्यांची ताकद जास्त, निदान लाल तरी होणार नाहीत.

काकांना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, “पिन दोन मोजलास, तो केव्हा? चालू केल्या केल्या की तापल्यावर?”

चालू केल्या केल्या. दोन मिनिटांत मोजून मोकळा झालो होतो. लाल व्हायला अर्धा तास लागतो हे रोज डोळ्यांनी पाहत होतो, आणि मोजमाप मात्र थंड चॅसीवर.

काल ॲम्प्लिफायर तासभर चालवला. चॅनेलवर लक्ष ठेवून, ठिपका दिसू लागला की बंद करत, पुन्हा लावत. मे महिन्यातलं इंदूर, खोलीतच चाळीसच्या वर. मग दोन्ही व्हॉल्व्ह काढले, मीटर पिन २ला क्लिपने अडकवून ठेवला, पुन्हा चालू केलं आणि बायकोचा हेअर ड्रायर आणून तो कपॅसिटर लांबून शेकायला घेतला. ०.६. ०.९. दीड. मी ड्रायर धरून श्वास रोखून उभा. २.२. २.८. तीन व्होल्टवर येऊन आकडा थांबला. ड्रायर दूर नेला तसा हळूहळू उतरायला लागला. पुन्हा जवळ नेला, पुन्हा चढला. बायकोला उठवून दाखवलं. तिनेही मीटरकडे पाहून विचारलं, “म्हणजे हाच का तो?” हाच तो!

हिशेब असा. ४७० किलोओहमवर ३ व्होल्ट म्हणजे ६.४ मायक्रोॲम्पिअर. स्प्लिटरच्या बाजूला २१० व्होल्ट, म्हणजे गळती साधारण ३२ मेगाओमची. मीटरच्या ओहम रेंजमध्ये दोन-तीन व्होल्टची बॅटरी असते, तीही थंड कपॅसिटरवर. दोनशे व्होल्ट आणि उष्णता एकत्र आल्याशिवाय हे दुखणं बोलतच नाही. काढून भिंगाखाली पाहिला तर एका पायाशी मेणात केसाएवढी चीर आहे, आणि तिच्या कडेने मेण काळपट पडलंय. जुने कागदी कपॅसिटर ‘ओरिजिनल’ म्हणून जपून ठेवायची मला हौस होती. ती इथे संपली. ट्रान्सफॉर्मर, नॉब, डायल, सगळं जुनं ठेवा, पण कपलिंगला कागदी ठेवू नका. चारही बदलून साधे ६३० व्होल्टचे पॉलिप्रॉपिलीन लावले. त्यासाठी महागड्या ऑडिओ कपॅसिटरची अजिबात गरज नाही.

तासभर तापवून पिन २: शून्य. तिसरा ३६, चौथा ३४, कॅथोडवर १०.३ व्होल्ट.

आणि आवाज! दोन्ही बाजूंचा करंट सारखा झाल्यावर पुश-पुलमध्ये पुरवठ्याची घरघर एकमेकांना मारते. उजव्या स्पीकरची जी ‘घूं’ मी ग्राउंडिंगची समजून त्यावर मागे एक अख्खी नोंद लिहिली होती, ती निम्म्याहून खाली गेली. कोअरमधलं डीसीचं ओझं उतरल्याने खर्जही मोकळा झाला. आमच्या इंदूरच्या अमीर खाँसाहेबांचा विलंबित ख्याल लावला. मंद्रात ते सावकाश उतरतात तिथे आधी उजवीकडे स्वर कोंदायचा. आता तंबोऱ्याचा खर्ज जमिनीतून आल्यासारखा येतो. दीड वाजेपर्यंत ऐकत बसलो.

सकाळी विक्रेत्याला फोन करून स्पष्ट सांगितलं की तुमचा माल चोख होता, चूक माझ्या सर्किटची, आणि बदली दिलेल्या व्हॉल्व्हचे पैसे पाठवले. तो घ्यायला तयार नव्हता.

पुढचा बेत लिहायला बसलो होतो तो असा: १२ व्होल्ट २ ॲम्पिअरचा ट्रान्सफॉर्मर उलटा सिरीजमध्ये जोडून २४६चे २३४ करायचे, आणि मग ६पी१४पी-ईव्ही मागवायचे. पण लिहिता लिहिताच मनात आलं, मी ‘संपले’ म्हणून डब्यात टाकलेले बीईएलही याच चौथ्या सॉकेटमधून गेले होते की! त्यांना संपलेलं ठरवलं ते कशावरून? उजव्या चॅनेलवरून. उठलो, डबा काढला, चारही डाव्या चॅनेलमध्ये आळीपाळीने लावून पाहिले. दोन खरंच थकलेत, २२ आणि २४. पण उरलेले दोन ३४ आणि ३५!

तेव्हा रशियन रद्द. उलटा ट्रान्सफॉर्मर मात्र नक्की, सियागंजला उद्याच जातो. एकच १३० ओहमचा रेझिस्टर काढून प्रत्येक व्हॉल्व्हला स्वतःचा २७०चा आणि स्वतःचा बायपास देणार आहे. म्हणजे एकाचं दुखणं दुसऱ्याच्या अंगावर येणार नाही, आणि कॅथोडवरचे १०.८ व्होल्ट म्हणजे ४० मिलिॲम्पिअर हे थेट वाचता येईल, ट्रान्सफॉर्मरचे ओहम मोजत बसायला नको.

आत्ता ते दोन बीईएल उजव्या चॅनेलमध्ये आहेत, दिवा घालवलेला आहे. पंचेचाळीस मिनिटं झाली. हीटरची नारिंगी सोडली तर अंधार आहे, आणि चौथ्या सॉकेटच्या पिन २वर मीटर ०.०० दाखवतोय.