तीनशे नव्व्याण्णव रुपयांचा अडॅप्टर आणि चोवीस दिवस

मला तानपुरा ऐकायचा होता. घरी बाबा रियाजाला बसले की मी दारात बसून राहायची. तार एकदाच छेडली जाते आणि जवारीतून, म्हणजे तार टेकते त्या घोडीच्या पृष्ठभागातून, स्वरावर स्वर उमलत जातात, तो झंकार कानात बसलेला. कोथरूडहून हिंजवडीला जाताना कंपनीच्या बसमध्ये रोज तासभर गाणं ऐकते, पण माझ्या बाराशेच्या ब्लूटूथ बड्समध्ये गायकामागचा तानपुरा म्हणजे नुसती घूंऽऽ. दिवाळीत ठरवलं, चार हजार रुपये बाजूला काढायचे आणि नीट ऐकायचं.

इयरफोनचा प्रश्न दोन दिवसांत सुटला. वायरचेच घ्यायचे हे आधीच नक्की होतं. सीडीवरचं संगीत सेकंदाला १,४११ किलोबिट असतं. ब्लूटूथवरून आवाज पाठवायच्या पद्धतींत चांगला समजला जाणारा एलडॅक जास्तीत जास्त ९९० पर्यंत जातो आणि सिग्नल डळमळला की ६६०, ३३० असा खाली उतरतो. शिवाय बॅटरी, चार्जिंग, रेडिओ या सगळ्याचे पैसे त्या छोट्याशा डबीत मोजावे लागतात. तेवढ्याच पैशांत वायरवाला इयरफोन कितीतरी उजवा मिळतो. मूनड्रॉप कंपनीचे चू टू हे इयरफोन घेतले, दोन हजारांच्या आसपास. वायर वेगळी निघते, त्यामुळे वायर तुटली म्हणून इयरफोन टाकावे लागत नाहीत. या किमतीत ही गोष्ट मी सगळ्यात वर ठेवीन.

राहिला अडॅप्टर. माझ्या फोनला ३.५ मिलिमीटरचं गोल भोक नाही, फक्त टाइप-सी. एका मोठ्या ऑनलाइन दुकानावर ३९९ रुपयांचा अडॅप्टर दिसला. चार तारे, हजारो खरेदीदार, चित्राखाली ठळक अक्षरांत ‘सर्व टाइप-सी फोनसाठी’. मागवला. आला, लावला, इयरफोन जोडले आणि गाणं फोनच्या स्पीकरवरच वाजत राहिलं. काढून पुन्हा लावला, फोन बंद करून चालू केला, सेटिंगमध्ये जाऊन ओटीजी, म्हणजे फोनला बाहेरची उपकरणं जोडायची सोय, चालू केलं (काही फोनमध्ये ते हातानं चालू करावं लागतं आणि वापर नसेल तर दहा मिनिटांत आपोआप बंद होतं, हे ध्यानात ठेवा). काही नाही.

परत करायचा फॉर्म उघडला. कारणांच्या यादीत ‘खराब वस्तू’, ‘चुकीचा रंग’, ‘वस्तू आली नाही’ एवढंच. ‘खराब वस्तू’ निवडलं, तर पुढे एकच बटण: बदलून मिळेल. पैसे परत हा पर्यायच नाही. पाचव्या दिवशी दुसरा आला. तोही तसाच मुका.

मग फोनाफोनी सुरू झाली. दुकानाच्या मदत केंद्रातला मुलगा म्हणाला, ‘मॅडम, दोन-दोन पीस खराब नसतात, तुमच्या फोनचं पोर्ट चेक करून घ्या.’ शनिवारी अर्धा दिवस घालवून फोनच्या सर्व्हिस सेंटरला गेले. टोकन घेऊन पावणेदोन तास बसले. तिथल्या मुलीनं चार्जिंग होतंय, पेन ड्राइव्ह दिसतोय हे मला समोर दाखवलं आणि म्हणाली, पोर्ट उत्तम आहे, अडॅप्टर बघा. मी पुन्हा मदत केंद्राला फोन लावला. आता उत्तर वेगळं: ‘सात दिवसांची मुदत संपली.’ पाचव्या दिवशी त्यांनीच पाठवलेल्या वस्तूची मुदत त्यांनी पहिल्या वस्तूच्या तारखेपासून मोजली होती. दर फोनला नवा माणूस, दर वेळी सगळी कथा पहिल्यापासून, आणि शेवटी ‘आणखी काही मदत करू शकतो का?’ चारशे रुपयांसाठी एवढं कशाला, असं घरात सगळे म्हणत होते. पण माझ्या फोनवर किंवा माझ्यावर खापर फोडून विषय संपवायचा, हे मला सहन होईना.

कोडं सुटलं ते पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात. एका छोट्या दुकानातल्या काकांना दोन्ही अडॅप्टर दाखवले. त्यांनी एक उचलला, टाइप-सीवाल्या लॅपटॉपला लावला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. काहीच उमटलं नाही. मग स्वतःच्या काउंटरवरचा एक लावला, लगेच ‘नवीन ऑडिओ डिव्हाइस’ अशी पट्टी आली. ‘ताई, तुमच्यात चिप नाहीये. ही नुसती वायर आहे.’

एवढं साधं. टाइप-सीचे अडॅप्टर दोन जातींचे असतात. एका जातीत आत काही नसतं. फोननं स्वतः आवाजाचा विद्युत संकेत तयार करायचा आणि एरवी डेटा जातो त्या दोन पिनांवरून डाव्या-उजव्या कानाला पाठवायचा. ही सोय काही फोनमध्ये असते, पुष्कळांत नसते. दुसऱ्या जातीत छोटी डॅक चिप असते. फोन फक्त आकडे पाठवतो, आकड्यांचा आवाज ती चिप करते. माझा फोन आकडेच देतो. त्याला पहिल्या जातीचे शंभर अडॅप्टर बदलून दिले असते तरी शंभर वेळा शांतताच. म्हणजे वस्तू खराब नव्हतीच, ‘सर्व टाइप-सी फोनसाठी’ हे वाक्य खोटं होतं. आणि ते वाक्य माझ्याकडे होतं! मागवण्याआधी भावाला दाखवायला स्क्रीनशॉट काढला होता. तुम्हीही काढून ठेवाच. नंतर पान बदललं तर हातात काही उरत नाही.

त्या रात्री ग्राहक संरक्षणाचे २०२० चे ई-कॉमर्स नियम शोधून वाचले. जाहिरातीत सांगितलेले गुण वस्तूत नसतील तर विक्रेत्याला ती परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. आणि ऑनलाइन दुकानाला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्यानं ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निकाल लावायचा. त्याचा ईमेल साइटच्या अगदी तळाशी सापडला. ‘खराब वस्तू’ हा शब्दच टाळून लिहिलं: जाहिरातीतला दावा आणि वस्तू जुळत नाही, स्क्रीनशॉट जोडला आहे, दोन्ही ऑर्डरचे क्रमांक हे. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. तिथे मराठीत बोलता येतं. ते निकाल देत नाहीत, पण तक्रार कंपनीकडे पोचवतात आणि नोंदणी क्रमांक देतात. तो क्रमांकही ईमेलमध्ये टाकला. दुसऱ्या दिवशी पोच आली. चोविसाव्या दिवशी ३९९ रुपये खात्यात. बँकेचा मेसेज मी ऑफिसात शेजारच्या मैत्रिणीला वाचून दाखवला, इतका आनंद झाला.

डॅक चिपवाला अडॅप्टर शेवटी त्या काकांकडूनच घेतला, अकराशेला, दुकानातच माझ्या फोनवर वाजवून बघून. ॲपलचा टाइप-सी अडॅप्टर स्वस्तात चांगला आहे, टाइप-सीवाला आयफोन असेल तर डोळे झाकून घ्या. पण बऱ्याच अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज लहान येतो, म्हणून मी टाळला.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये चांदणी चौक यायच्या आधी पंचम-षड्जाच्या मधली ती बारीक वलयं ऐकू आली. गायिका श्वास घेते तेव्हा तानपुरा पुढे येतो आणि सूर लागला की मागे सरतो, हे मला बड्समध्ये कधीच कळलं नव्हतं. बाबांना इयरफोन लावून दिले, तर ते आधी म्हणाले, ‘खर्जाची तार किंचित उतरलीय.’

फाइलमध्ये सीडीपेक्षा जास्त बारकावे आहेत असं सांगणाऱ्या चोवीस बिट, १९२ किलोहर्ट्‌झ अशा आकड्यांसाठी जास्तीचे पैसे देऊ नका. आपण ऐकतो त्या जुन्या मैफली कितीतरी वेळा साध्या टेपवर उतरवलेल्या आहेत. टेपवर जे नाही ते फाइल मोठी करून येत नाही. सीडीच्या दर्जाची फ्लॅक (गाणं न बिघडवता आकार लहान करणाऱ्या प्रकारची) फाइल भरपूर झाली. ती मूळच्या साधारण निम्मी जागा घेते आणि त्यातलं काहीही गळत नाही.

आणि एक राहिलंच, इयरफोनच्या टोकांची रबरी बोंडं. डब्यात तीन मापांची येतात. मी मधली लावून चार दिवस ‘खर्ज कमी आहे’ म्हणत होते. उजव्या कानाला मोठं बोंड लावलं, फट बुजली आणि खर्ज आला. दोन्ही कानांना वेगवेगळं माप लागू शकतं.