रिकामा झाल्यावर परत पाठवा

आजीच्या एका स्टीलच्या डब्यावर तिचं नाव आहे. काठाच्या जरा खाली, टिंबाटिंबांनी कोरलेलं. पूर्वी भांड्यांच्या दुकानात एक माणूस घर्रर्र करणारं यंत्र घेऊन बसायचा आणि अख्खं नाव पाच सेकंदांत घालून द्यायचा, त्याच्या हातचं. नावापुढे १९७१. आजी जाऊन बरीच वर्षं झाली. डबा चिंचवडहून मिशिगनला आला. बायको त्यात पोहे ठेवते, पण ती दुसऱ्या कुणाच्या तरी डब्यात पोहे ठेवते आहे हे तो डबा अजून विसरू देत नाही.

हे मला परवा बेसमेंटमध्ये आठवलं. हातात भिंग होतं आणि भिंगाखाली एक हिरवा मालडबा. छोट्या रेल्वेचा, एचओ मापाचा, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान. याला खेळणं म्हटलेलं आमच्या छंदातल्या लोकांना आवडत नाही. मॉडेल म्हणायचं. घरच्यांना अर्थातच हा नियम लागू नाही. तर त्या डब्याच्या अंगावर, दाराशेजारी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत एक सूचना छापलेली होती: रिकामा झाल्यावर अमुक गावच्या अमुक रेल्वेच्या एजंटाकडे परत पाठवा. भांड्यावर नाव घातलेलं, आणि वर निरोपही.

हा डबा मोटारींच्या सुट्या भागांचा. खरा डबा आतून साडेशहाऐंशी फूट लांब आणि रुळापासून टपापर्यंत सुमारे १७ फूट उंच. आपल्याकडे मालगाडीच्या डब्याला वाघीण म्हणतात. वॅगनचं वाघीण कुणी केलं कोण जाणे, पण त्याला मानलं पाहिजे. हा प्रकार बघितला तर मात्र त्यानेही वाघीण म्हणण्याआधी विचार केला असता. हा हत्ती आहे. १९६०च्या दशकाच्या मध्याला अमेरिकन रेल्वे कंपन्यांनी तो आणला तो फक्त डेट्रॉईटच्या मोटार कारखान्यांसाठी. आतली जागा सुमारे १०,००० घनफूट. त्याआधीचा नेहमीचा चाळीस फुटी डबा होता ३,९०० घनफुटांच्या आसपासचा.

एवढा मोठा कशाला, हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. माझी सगळी नोकरी त्यातच गेली. मोटारीचं दार, बॉनेट, मडगार्ड, टप हे पत्र्याचे जॉब प्रेसखालून निघाले की ते कशात, कसे, किती ठेवून पाठवायचे, त्याचे लोखंडी रॅक मी डिझाईन करतो. लग्नाच्या पार्टीत कुणी विचारलं तर ‘ऑटोमोबाईलमध्ये आहे’ म्हणतो, खरं म्हणजे मी डबे करतो. या धंद्यातलं पहिलं सत्य असं की मोटारीचा पत्रा म्हणजे नव्वद टक्के हवा. दार हातात घेतलं तर जड लागतं, पण शंभर दारं रचली की जागा खातात ती पत्र्यामुळे नव्हे, पत्र्यापत्र्यांमधल्या पोकळीमुळे. एकमेकांना घासली की ओरखडा, ओरखडा आला की जॉब रिजेक्ट. म्हणून प्रत्येकाला वेगळा कप्पा, मध्ये बोटभर अंतर. डबा गच्च भरतो तेव्हाही वजनाच्या हिशेबाने तो अर्धपोटीच असतो. तेव्हा जाड नको, ऐसपैस हवा.

हेन्री फोर्डला हे फार आधी कळलं होतं. त्याने १९२२ मध्ये लिहून ठेवलं आहे की पूर्वी छत्तीस फुटी डब्यात तयार टूरिंग बॉड्या मावायच्या फक्त ७. त्याच बॉड्या सुट्या करून पाठवायला लागल्यावर १३० मावू लागल्या. म्हणून मोटार डेट्रॉईटला पुरी करायचीच नाही, तुकडे पाठवायचे आणि जोडायचं गिऱ्हाइकाच्या गावाजवळ. मुंबईत शिवडीला १९२८ साली जनरल मोटर्सचा जुळणीचा कारखाना निघाला तोही याच हिशेबावर, फक्त मध्ये रेल्वेऐवजी जहाज. आणि फोर्डने तर १९२०मध्ये डेट्रॉईट, टोलीडो अँड आयर्नटन ही रेल्वेच विकत घेऊन टाकली होती. १९२९ला विकली. पुढे याच रेल्वेने आपल्या डब्यांवर मोठ्या अक्षरांत ‘वी हॅव द कनेक्शन्स’ असं रंगवलं. त्यांना म्हणायचं होतं की आमचे रूळ सगळ्या मोठ्या रेल्वेंना जोडलेले आहेत. मी पुण्याकडचा, मला पहिल्यांदा वाचून वाटलं, वशिल्याची एवढी उघड जाहिरात!

माझ्या बेसमेंटमध्ये तिचे दोन डबे आहेत. बाकी पेन सेंट्रलचे हिरवे, ग्रँड ट्रंक वेस्टर्नचे निळे, असे मिळून अकरा. सगळे शाळांच्या जिमखान्यांत भरणाऱ्या जुन्या मालाच्या बाजारातून उचललेले. ॲथर्न कंपनीच्या त्या सुप्रसिद्ध निळ्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत. खोकं उघडलं की आत प्लॅस्टिकचं एकसंध कवच, खालची चौकट, चाकांच्या दोन बोग्या, चार-सहा स्क्रू आणि लोखंडी पट्टी. इथले लोक गमतीने म्हणतात, खोकं जोरात हलवलं की गाडी आपोआप जुळते. मला पहिल्या डब्याला अडीच तास लागले. स्क्रू जास्त आवळला की बोगी फिरत नाही, सैल ठेवला की डबा झोकांड्या खातो. भोसरीत पहिल्या नोकरीला असताना आमचे फोरमन म्हणायचे, ‘आवळून झाल्यावर पाव आटा मागे ये.’ ते वाक्य तीस वर्षांनी एवढ्याशा स्क्रूला उपयोगी पडलं.

त्या लोखंडी पट्टीची एक गंमत आहे. इथल्या छंदिष्टांची राष्ट्रीय संघटना १९३५ सालची आहे आणि तिने डब्याच्या वजनाचं कोष्टक घालून दिलंय: एक औंस, अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. माझा डबा फुटाहून जरा जास्त, म्हणजे सुमारे २०० ग्रॅम. तेवढं नसेल तर वळणावर रुळावरून उतरतो. खऱ्या डब्याची रड अशी की आत वजन भरतच नाही. आणि त्याच्या प्रतिकृतीला मी पोटात लोखंड बांधून, तरी कमी पडलं म्हणून टायरवाल्याकडून आणलेली शिशाची वजनं चिकटवून चालवतो.

पहिल्या दिवशीच अपघात झाला. माझ्या मांडणीत एक बोगदा आहे. प्लास्टरचा, हौसेने केलेला. कोथरूडला भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे ना, तिथे मुलाला घेऊन गेलो होतो तेव्हापासून बोगदा करायचा हे मनात पक्कं होतं. मुलगा तिथे अर्ध्या तासात कंटाळला. मी नाही. तर बोगद्याचं तोंड मी जुन्या चाळीस फुटी डब्यांच्या मापाने कापलेलं. गाडी ऐटीत निघाली, इंजिन आत गेलं, दोन जुने डबे गेले आणि तिसरा हा हत्ती टपावर आपटून आडवा झाला. त्याच्या मागचे चार त्याच्यावर. फरक फक्त ७ मिलिमीटरचा होता. खरं तर डब्याने मला सांगितलं होतं. या उंच डब्यांच्या दोन्ही टोकांना वरच्या भागात पांढरा पट्टा रंगवलेला असतो आणि त्यावर लिहिलेलं असतं: जादा उंचीचा डबा. यार्डातल्या माणसाने तो बघून ठरवायचं की हा कुठल्या मार्गाने न्यायचा नाही. मी वाचलं होतं, छान रंगवलंय असं वाटलं होतं आणि तसाच ढकलला होता.

कानशीने ते तोंड खरवडत बसलो असताना एक समाधान होतं, आपल्याआधी मोठ्या लोकांनीही हेच केलं आहे. सिनसिनाटीहून चॅटनूगाला जाणाऱ्या मार्गावर मुळात २७ बोगदे होते, इतके की त्या मार्गाला नावच पडलं रॅटहोल, उंदराचं बीळ. मालगाड्या उंच व्हायला लागल्या तेव्हा सदर्न रेल्वेने १९६१ ते १९६३ या काळात डोंगर फोडून, मार्ग वळवून त्यातले बहुतेक बोगदे बाद करून टाकले. मी दोन संध्याकाळी आणि एक व्हॅक्यूम क्लीनर खर्ची घातला. व्हॅक्यूम क्लीनर घरातला होता, त्यावर स्वतंत्र चर्चा झाली.

पण मला खरं बोलायचं आहे ते त्या परत पाठवा या निरोपाबद्दल.

अमेरिकेत साधा मालडबा म्हणजे बेवारस गुरासारखा. एका रेल्वेचा डबा दुसरीच्या रुळांवर महिनोन् महिने फिरतो. ज्याच्या दारात असेल तो मालकाला रोजचं भाडं देतो आणि जमलं तर मालकाच्या दिशेने जाणारा काही माल भरून त्याला घराकडे ढकलतो. रिकामा डबा चालवणं म्हणजे नुसता तोटा. मोटारींच्या सुट्या भागांच्या डब्यांना हा नियम नाही. ते नेमून दिलेले. ओहायोच्या प्रेस शॉपमधून मडगार्डं भरून दूरच्या जुळणीच्या कारखान्यात जायचं, खाली व्हायचं आणि सरळ मागे यायचं. वाटेत कुणी गव्हाची पोती घाला, कागदाची रिळं घाला असं करायचं नाही. कारण आत परतीचे रिकामे रॅक असतात, आणि ते रॅक त्याच मडगार्डाच्या मापाचे. दुसरं काही त्यात बसतच नाही. शिवाय प्रेस शॉपमध्ये पुढची मडगार्डं डब्याची वाट बघत असतात. डबा दोन दिवस उशिरा आला तर तिकडे हजार मैलांवर लाईन बंद.

मार्ग तीन-चार रेल्वेंच्या हद्दीतून जात असेल तर प्रत्येकीने आपल्या मैलांच्या हिशेबाने त्यात डबे घालायचे. भिशीच म्हणा ना. म्हणून फोर्डच्या मालाची एकच गाडी, पण डबे हिरवे, निळे, तांबडे, पिवळे. छंदवाल्यांना हे डबे एवढे का आवडतात याचं हे एक कारण, आणि लपवायचं कशाला, मलाही मडगार्डापेक्षा रंगांचंच जास्त आहे.

भोसरीत आमच्या प्रेस शॉपच्या निळ्या बिना होत्या, म्हणजे जॉब ठेवायच्या पेट्या. टेम्पोतून मोठ्या कंपनीत जॉब जायचे आणि रिकाम्या बिना यायच्या. यायच्या म्हणजे यायला हव्यात. दर महिन्याला वीस-पंचवीस गायब. साहेबांनी प्रत्येक बिनेवर कंपनीचं नाव रंगवून घेतलं, तरी गायब. एकदा मीच शोधायला गेलो तर एक सापडली गेटवरच्या वॉचमनकडे. त्याने तिच्यात तुळस लावली होती. नाव आमचंच, ठळक, पांढऱ्या रंगात. मला ती मागायचं धैर्य झालं नाही. जाऊन सांगितलं, सापडली नाही. अमेरिकेतले हे साडेशहाऐंशी फुटी डबे वर्षानुवर्षं एका सूचनेवर बिनचूक घरी येत राहिले हे वाचलं की मला अजून ती तुळस दिसते.

घरी येत राहिले खरे, पण घर तरी कुठे जागेवर होतं? पेन सेंट्रल सुरू झाली १ फेब्रुवारी १९६८ला, दिवाळं वाजलं २१ जून १९७०ला. पुरती अडीच वर्षंही नाहीत. त्यानंतर दिवाळखोरीतच रडतखडत १९७६पर्यंत चालली, मग कॉनरेल या नव्या रेल्वेत गेली, आणि १९९९मध्ये कॉनरेलचीही दोघांत वाटणी झाली. फोर्डने एकदा घेतलेली ती कनेक्शनवाली रेल्वे १९८०मध्ये ग्रँड ट्रंकने घेतली. पण डबे? ते त्याच रंगांत, तीच नावं अंगावर घेऊन धावत राहिले. नवा मालक फार तर नंबराच्या जागी एक चौकोन पुसून आपली अक्षरं मारायचा. अख्खा डबा रंगवायला पैसा कोण घालणार? आतल्या मडगार्डांना काय फरक पडतो?

इथल्या रेल्वेंच्या संघटनेच्या नियमाने १ जुलै १९७४च्या आधी बांधलेल्या डब्याला सर्वसाधारणपणे चाळीस वर्षांचं आयुष्य, नंतरच्याला पन्नास. त्या हिशेबाने माझ्या हिरव्या डब्याची खरी भावंडं भंगारात जाऊन पुष्कळ दिवस झाले. प्रेस शॉपही गेले. क्रायस्लरचा ट्विन्सबर्गचा कारखाना १९५७चा, २०१०ला बंद. मी डेट्रॉईटच्या बाजूला राहायला आलो तेव्हा क्रॉसिंगला थांबलं की एखादा तरी असा डबा दिसायचा. गंजलेला, खालचं जुनं नाव वरच्या रंगातून डोकावणारा. मागचे लोक हॉर्न वाजवायचे. मी काच खाली करून नंबर लिहून घ्यायचो. बायको म्हणायची, ‘दिवा हिरवा झालाय, तुमचा डबा गेला.’

दिवाळीला तिने समोरच्या घरी चिवडा दिला, नेमका आजीच्या डब्यात. मी म्हटलं, प्लॅस्टिकचा देऊ या ना. ती म्हणाली, सणाला प्लॅस्टिक कसं देणार? मग नोव्हेंबर गेला, थँक्सगिव्हिंग गेलं, बर्फ पडलं. डबा नाही. मागायचा कसा? त्यावर नाव आहे, पण देवनागरीत, आणि त्यांना ती नक्षी वाटत असणार. एक चिठ्ठी टाकावी असं मनात यायचं, मजकूर तर तोंडपाठ होता.

गेल्या शनिवारी समोरच्या बाई स्वतः आल्या. डबा घासूनपुसून लख्ख, इतका की कोरलेली टिंबं पुन्हा नव्यासारखी चमकत होती. ‘फार सुंदर होतं ते’ म्हणाल्या, दोनदा म्हणाल्या, आणि गेल्या. बायकोने झाकण काढून आत बघितलं. रिकामा. ती काही बोलली नाही. ओट्याशी गेली, चिमूटभर साखर घातली, झाकण लावलं आणि मग डबा फडताळात जागेवर ठेवला.