तुम्ही विचारलंत म्हणून: झूमवर का नाही उरकत?

नगरला फोन केला की मंडळीतलं कुणी ना कुणी विचारतंच, इथल्या महाराष्ट्र मंडळात विचारतात, आता माझा भाचाही विचारायला लागलाय. की तुमच्या त्या एपिस्कोपल चर्चचं (अमेरिकेतलं अँग्लिकन परंपरेतलं चर्च) जनरल कन्व्हेन्शन, म्हणजे चर्चचे कायदे करणारी सभा, दर तीन वर्षांनी आठशेच्या वर डेप्युटी (निवडून दिलेले प्रतिनिधी), शिवाय सगळे बिशप, विमानाने एका शहरात गोळा होणार, हॉटेलं, हॉल, एवढे दिवस, एवढा पैसा, हे झूमवर का नाही उरकत? आणि तू तर आयटीतला, तू कसं चालवून घेतोस? मी दरवेळी दोन वाक्यं बोलून विषय बदलतो. आज सगळं लिहितोच.

आधी हे समजून घ्या की वेळ वाचवायला माझा विरोध नाही. मी त्याच बाजूचा होतो, बराचसा अजूनही आहे. २००९ ला अ‍ॅनाहाइमला हे कन्व्हेन्शन दहा दिवस चाललं होतं, २०१८ ला ऑस्टिनला नऊ. २०२२ ला बाल्टिमोरला कोविडमुळे चार दिवसांत आटपावं लागलं, २०२४ ला लुइव्हिलला सहा. २०१५ पासून कागदांच्या जाडजूड फाइलींऐवजी आयपॅड आले. समित्यांच्या सुनावण्या आता बऱ्याच आधी ऑनलाइन होतात, म्हणजे ज्याला ठरावावर बोलायचंय तो आपल्या स्वयंपाकघरात बसून बोलू शकतो. हे सगळं मला हवंच होतं आणि झालं तेव्हा आनंदही झाला.

का हवं होतं तेही सांगतो. प्रत्येक डायोसिसमधून, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या विभागातून, चार पाळकवर्गातले आणि चार सामान्य सभासद असे आठ डेप्युटी जातात. आता सामान्य सभासदांपैकी दहा दिवसांची रजा कुणाला मिळते? निवृत्त माणसाला, वकिलाला, प्रोफेसरला, माझ्यासारख्या लॅपटॉपवाल्याला. तासावर पगार असलेल्याला नाही मिळत, लहान मुलं असलेल्या आईला नाही मिळत. म्हणून मी आमच्या डायोसिसला लांबलचक पत्र लिहिलं होतं की दिवस कमी करा, नाहीतर चर्चचे कायदे फक्त सवड असलेली माणसं करत राहतील. त्या पत्रातला एकही शब्द मला आज मागे घ्यायचा नाही.

आमच्या डेप्युटेशनमधली एक बाई डोळ्यापुढे ठेवूनच ते लिहिलं होतं. सकाळी चर्चच्या ऑफिसात अर्धवेळ काम, दुपारनंतर म्हाताऱ्या-आजारी माणसांच्या घरी जाऊन त्यांचं सगळं करायचं. एकदा निवडून आली पण एवढी रजा मिळेना, तिच्या जागी दुसरं कुणी गेलं. पुढे दिवस कमी झाले आणि ती आली. कुठल्या वर्षी ते सांगत नाही, ओळखू येईल. त्या वर्षी एक ठराव होता, चर्चमध्ये पगारावर काम करणाऱ्या पण पाळकपदाची दीक्षा न घेतलेल्या लोकांना घरच्या आजारपणासाठी भरपगारी रजा मिळावी म्हणून. म्हणजे तिच्यासारख्याच लोकांसाठी. तिने त्यावर दोन मिनिटांचं भाषण लिहून आणलं होतं. हॉटेलवर मला वाचून दाखवलं, घड्याळ लावून. आई शेवटच्या आजारात होती तेव्हा ऑफिसातून अर्धा-अर्धा दिवस कसा मागून घ्यावा लागला, ते होतं त्यात. मी ऐकत होतो आणि मला काही बोलता येत नव्हतं.

आदल्या रात्री कळलं की ठराव कन्सेंट कॅलेंडरवर गेलाय. ज्यावर वाद होणार नाही असं समितीला वाटतं असे ठराव एकत्र बांधतात आणि एकाच मताने सगळे पास करतात. वेळ वाचवायचं सगळ्यात मोठं हत्यार हेच, आणि ते जास्त वापरा असं मीच पत्रात लिहिलं होतं. एखादा ठराव त्यातून बाहेर काढता येतो, तशी वेळेत मागणी करावी लागते. मी म्हटलं चल, करूया. ती म्हणाली, नको, पास होतोय ना, एवढ्या लोकांचा वेळ माझ्यासाठी कशाला घालवायचा? मी खूप समजावलं. नाहीच म्हणाली. सकाळी यादी पुकारली, हो म्हणणाऱ्यांचा एक मोठा आवाज आला, झालं. ती कागद हातात घेऊन बसली होती, मग तो पर्समध्ये ठेवला आणि पुढचा ठराव आयपॅडवर उघडला.

यात कुणाचं चुकलं? कुणाचंच नाही, सगळं नियमाप्रमाणे झालं. पण नंतर घरी आल्यावर बजेटच्या मीटिंगमध्ये मी हा विषय काढला, तेव्हा पहिला प्रश्न आला की सभागृहात याच्या बाजूने काय मुद्दे मांडले गेले? काहीच नाही. नोंदीत फक्त नंबर आणि पास. कन्व्हेन्शन शिफारस करतं, पैसे मात्र ज्याच्या त्याच्या चर्चला काढावे लागतात, आणि ज्या गोष्टीसाठी कुणी एक शब्द बोललेलं नाही तिच्यासाठी खिशात हात घालायला कुणी तयार नव्हतं. ठराव पडला असता तर निदान लोक भांडले असते, लक्षात राहिला असता, असं मला तेव्हा वाटलं, अजून वाटतं.

मग मी जुनी पद्धत परत आणा म्हणणाऱ्यांच्यात गेलो का? नाही. ते म्हणतात हळू चालणं म्हणजे विचारपूर्वक चालणं. १९४६ मध्ये एका बाईला डेप्युटी म्हणून बसू दिलं, १९४९ मध्ये निवडून आलेल्या चौघींना नाकारलं, १९६७ मध्ये घटना बदलायला पहिली मंजुरी मिळाली, आणि घटनाबदल लागोपाठ दोन कन्व्हेन्शनमध्ये पास व्हावा लागतो म्हणून बायका रीतसर बसल्या त्या १९७० मध्ये. याला विचारपूर्वक कोण म्हणेल?

आणि झूम. सुनावणीला झूम चालतं, मी स्वतः वापरलंय. पण इथे दोन सभागृहं आहेत, बिशपांचं आणि डेप्युटींचं, आणि ठराव दोन्हीकडे शब्दाला शब्द सारखाच पास व्हावा लागतो. एकाने एक वाक्य बदललं की दुसऱ्याकडे परत. दिवस कमी असले की शेवटी-शेवटी दुरुस्ती सुचवायलाच लोक घाबरतात, कारण परत येईपर्यंत कन्व्हेन्शन संपलं तर ठरावच मेला. अशा वेळी कुणीतरी जेवणाच्या रांगेत एखाद्या बिशपला गाठतं आणि विचारतं की हे वाक्य असं केलं तर तुमच्याकडे चालेल का. हे स्क्रीनवर कसं करायचं, मला खरंच कुणी सांगावं. आयटीतला आहे म्हणूनच विचारतोय.

पुढचं २०२७ ला फिनिक्सला आहे. मी आमच्या डायोसिसला परत लिहिलंय की सहाच दिवस ठेवा, वाढवू नका, पण कन्सेंट कॅलेंडरवरच्या प्रत्येक ठरावासाठी मांडणाऱ्याला एक मिनिट द्या, आणि ते नोंदीत घ्या. एकाने हिशोब करून दाखवला की शेकडो ठरावांचं एक-एक मिनिट म्हणजे जवळजवळ अख्खा दिवस जातो, आणि तो सातवा दिवस वाढला तर तिच्यासारखी माणसं परत येऊ शकणार नाहीत. हिशोब बरोबर आहे. तरी मी पत्र मागे घेतलेलं नाही.