वायव्येकडे जाणारा रस्ता

आमच्या भूशास्त्र विभागातली मुलं बेसॉल्टवर वाढलेली. पुण्यातल्या कुठल्याही टेकडीवर हातोडी मारा, निघणार काळा दगडच, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यात शिंपले शोधायला कोण जाणार? पुस्तकात अमोनाइटचं, म्हणजे समुद्रातल्या नामशेष शंखधारी प्राण्याचं, चित्र काढून मार्क मिळवायचे आणि प्रत्यक्षात एकही न बघता पदवी घेऊन बाहेर पडायचं, हे मला शिकवायला लागल्यापासून खुपत आलं आहे. म्हणून थरच्या वाळवंटातली ही फील्ड ट्रिप मी दुसऱ्या कुणावर सोपवत नाही. तिची आखणी मीच करते.

टूरवाल्यांकडून आलेल्या आराखड्यात जैसलमेरला पोचल्या संध्याकाळीच सम गावच्या वाळूच्या टेकड्या होत्या. उंटावरची रपेट, सूर्यास्त, जेवण. मी तो बाजूला ठेवला, स्टाफरूमच्या टेबलावर भूवैज्ञानिक नकाशा पसरला आणि मुलांना बोलावलं. जैसलमेर खोऱ्यातले थर वायव्येकडे हलकेच कललेले आहेत. आग्नेयेला सगळ्यांत जुना लाठी फॉर्मेशनचा, म्हणजे लाठी शैलसमूहाचा, वालुकाश्म, मग जैसलमेर फॉर्मेशनची पिवळी चुनखडी, त्यापुढे बैसाखी, भाडासर, परिवार, आणि शेवटी हाबूर. म्हणजे गाडी वायव्येला जात राहिली की आपण जुरासिक काळातून त्यानंतरच्या क्रेटेशियस काळात जातो. आधी वाळूच्या टेकड्या दाखवल्या तर गोष्टीचा शेवट आधी सांगितल्यासारखं होतं. प्रवासाचा क्रम खडकांच्या वयाचाच हवा, यावर मी अडून बसले.

तशी सुरुवात जोधपूरलाच होते. मेहरानगडाच्या पायथ्याशी साधारण 75 कोटी वर्षांपूर्वीचा मालाणी ज्वालामुखींचा खडक आणि त्यावर जोधपूरचा वालुकाश्म. तिथून जैसलमेर पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर, वाटेत पोखरण. पोखरण ओलांडलं की लाठी आणि चांदण ही गावं लागतात. ज्या गावावरून शैलसमूहाला नाव मिळालं त्याची पाटी खिडकीतून दिसली, की मुलं आपसूक वही उघडतात.

बाकीची तयारी कंटाळवाणी, पण तीच जीव वाचवते. डिसेंबर किंवा जानेवारीच निवडायचा. दिवसाच्या कामापुरतं पाणी गाडीत हवंच, ढाब्याच्या भरवशावर राहायचं नाही. बाभळीचे काटे टायर फोडतात, म्हणून स्टेपनी एकीऐवजी दोन. सीमेकडच्या भागात परवानगी लागते, आणि पोखरणच्या फायरिंग रेंजच्या आसपास ‘जरा आत जाऊन बघू’ हा शब्दच काढायचा नाही. हातोड्या पुण्यातच ठेवायच्या. यावर मुलं रुसतात, पण दगड झालेल्या झाडांचं आकलचं उद्यान हे राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे, आणि बाकी ठिकाणीही दरवर्षी प्रत्येक बॅचने एकेक तुकडा उचलला तर पुढच्यांना बघायला काय उरणार? हँड लेन्स, होकायंत्र, टेप आणि फोटोला मोजपट्टी एवढं पुरतं.

मागच्या वेळचा आकलचा दिवस मात्र आखणीत बसेल असा नव्हता.

आकल जैसलमेरपासून सतरा-अठरा किलोमीटरवर, बाडमेर रस्त्याला. उघडं माळरान, आणि त्यात जाळीच्या पिंजऱ्यांत, पत्र्याच्या छपराखाली आडवे पडलेले दगडी ओंडके. वय साधारण 18 कोटी वर्षं. खोडाच्या रेषा इतक्या स्वच्छ, की लांबून पाहणाऱ्याला सुतारकामाचं लाकूड वाटावं. हात लावला की थंड, जड सिलिका. मुलांना काम दिलं होतं: प्रत्येक ओंडक्याची दिशा होकायंत्राने मोजा आणि प्रवाहाची दिशा निघते का पाहा.

निघाली नाही. आकडे चौफेर विखुरलेले. मुलं खट्टू झाली. मग एक मुलगी, एरवी वर्गात फारसं न बोलणारी, म्हणाली, “मॅम, एकालाही मुळं नाहीत. फांद्यापण नाहीत.” तिने सगळे पिंजरे फिरून खात्री करून घेतली होती. म्हणजे ही झाडं इथं उभी नव्हती, वाहत आली, वाटेत फांद्या मोडल्या, आणि पूर ओसरला तशी जिथल्या तिथे वाळूत रुतली. नदीची दिशा मिळाली नाही, पण नदी मिळाली. मोजलेले ओंडके मोजकेच आहेत आणि तेवढ्यावरून दिशा ठरवता येत नाही, हेही त्यांनी आपलं आपण वहीत लिहिलं. मला त्याचा जास्त आनंद झाला.

आमचे ड्रायव्हर, चांदणकडचे, इतका वेळ कुंपणाशी बसून ऐकत होते. ते उठून आले. “मॅडमजी, नदी थी तो पानी गया कहाँ?”

मी म्हटलं, तुमच्या गावाला पाणी कुठून येतं? ते म्हणाले, ट्यूबवेलमधून, गोड पाणी, आसपासच्या खाऱ्या पाण्यासारखं नाही. मी सांगितलं, तो ट्यूबवेल याच लाठी वालुकाश्मातून पाणी उपसतो. जुरासिक नदीचं पाणी नव्हे ते. त्यातलं बरंचसं हजारो वर्षांपूर्वीच्या पावसाचं. पण ते धरून ठेवणारी वाळू त्या नद्यांनीच आणून टाकली. ते ओंडक्याजवळ खाली बसले आणि पिंजऱ्याच्या जाळीतून बराच वेळ बघत राहिले. पाण्यासाठी मैलोन् मैल चाललेल्या आईबद्दल बोलले. मुलांनी त्या दिवशी भूजलावर जे प्रश्न विचारले, तेवढे माझ्या अख्ख्या सत्रात कोणी विचारत नाही.

दुपारी थैयात हे गाव. इथे 2014 मध्ये डायनोसॉरच्या तीनबोटी पावलांचे ठसे सापडले; इथला थर नदीनंतरच्या किनाऱ्याचा. मग जैसलमेरचा किल्ला. 1156 चा हा किल्ला ज्या चुनखडीवर आणि ज्या चुनखडीचा उभा आहे, तिला भूशास्त्रात फोर्ट मेंबरच म्हणतात (मेंबर म्हणजे फॉर्मेशनचा पोटभाग). आत लोक राहतात, सांडपाणी टेकडीत मुरतं आणि बुरुज खचतात. हे मी मुद्दाम दाखवते, कारण यातल्या काही मुलांना पुढे अशाच कामावर जायचं आहे. शेजारच्या जेठवाईत सापडलेला थारोसॉरस हा डायनोसॉर 2023 मध्ये जगापुढे आला, 16.7 कोटी वर्षांपूर्वीचा.

उतरत्या उन्हात कुलधरा. पालीवालांच्या ओसाड गावातल्या भुताखेताच्या गोष्टी ऐकायला माणसं येतात. आम्ही दगडाकडे वाकलो. लेन्सखाली खसखशीएवढे गोल, सोनेरी दाणे, एकमेकांना चिकटलेले. उथळ, उबदार समुद्रात लाटांनी लोळवत लोळवत चुन्याचे थर चढवलेले ऊलाइट. मधेच एक अमोनाइट, अर्धा झिजलेला. सकाळची ती मुलगी वही काढून म्हणाली, “म्हणजे आकल ते कुलधरा आपण नदीतून समुद्रात आलो.” एवढ्यासाठीच मी क्रमावर अडले होते.

दुसऱ्या दिवशी हाबूर. तिथला शंखशिंपल्यांनी गच्च भरलेला दगड दुधाला विरजण लावतो असं गावकरी सांगतात, आणि त्याची भांडीही विकतात. समच्या टेकड्या सर्वांत शेवटी.

यंदा बाप नावाचं गाव जोडते आहे. फलोदीच्या पुढे हे गाव, तिथे हिमनदीने ओरखडलेले गोटे आहेत, लाठीहूनही जुने. त्यासाठी जोधपूरचा मुक्काम एक रात्र कमी करून फलोदीला राहावं लागेल. खीचनचे करकोचे तिथून जवळ, त्यामुळे पहाटे निघायला मुलं कुरकुरणार नाहीत. त्याच ड्रायव्हरना विचारलं आहे. ते म्हणाले, यंदा मुलालाही घेऊन येतो, तो अकरावीला आहे. गाडीत एक जागा राखून ठेवली आहे.