भाराखाली पूल वर उचलतो तेव्हा

पुलाची भारचाचणी म्हटलं की लोकांना वाटतं, वर ट्रक उभे करायचे आणि पूल पडतो का ते बघायचं. पडेल अशी शंका असलेल्या पुलावर मुळात चाचणी घेतच नाहीत. आम्ही बघतो ते एवढंच, की भाराखाली गर्डर (पुलाची आडवी तुळई) किती वाकला, भार काढल्यावर किती परत आला आणि मधल्या काळात तडे कुठे उघडले. इंडियन रोड्स काँग्रेसच्या एसपी ५१ प्रमाणे पूर्ण भार २४ तास ठेवायचा आणि उतरवल्यावर पुन्हा २४ तासांनी मोजायचं. साध्या आरसीसी, म्हणजे लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या पुलाचं वाकणं निदान ७५ टक्के परत यायला हवं, प्रीस्ट्रेस्डचं, म्हणजे ताणलेल्या केबलींनी आवळलेल्या काँक्रीटचं, ८५.

हा पूल उसाच्या पट्ट्यातला, साठच्या दशकातला. १५ मीटरचे गाळे (दोन खांबांमधले भाग) आणि प्रत्येक गाळ्याला तीन गर्डर. ऑगस्ट २०१६ मध्ये महाडचा सावित्रीवरचा पूल पुरात गेला, तेव्हापासून जुन्या पुलांच्या फायलींवरची धूळ जरा झटकली गेली. त्यातलीच ही एक फाइल. कारखान्याचा हंगाम सुरू व्हायच्या आत चाचणी उरकायची होती, कारण वाहतूक बंद म्हटल्यावर गावकरी आधीच तापलेले. (त्यांचंही बरोबर होतं. वळसा लांबचा होता.)

आदल्या दिवशी पूल रिकामा ठेवून आम्ही दर तासाला तापमान आणि डायल गेजची (वाकणं काट्यावर दाखवणाऱ्या मोजयंत्राची) नोंद घेतली. गर्डरांना चुना मारून घेतला, म्हणजे केसाएवढा तडाही पांढऱ्यावर उठून दिसतो. दुसऱ्या दिवशी पहाटे वजनकाट्यावरून खडीने भरलेले टिपर आले. ते टप्प्याटप्प्याने, आखलेल्या खुणांवर उभे केले. ऊन चढायच्या आत पूर्ण भार लागला आणि मधल्या गर्डरचा काटा अडीच मिलिमीटरच्या थोडा पुढे जाऊन थांबला. आमच्या गणिताप्रमाणे साडेचारच्या आसपास जायला हवा होता.

दुपारी परांचीवर बसलेला पोरगा ओरडला, "मॅडम, काटा उलटा फिरतोय! पूल वर चाललाय!"

खात्याचे उपअभियंता साहेब चहा टाकून उठले. वर टिपर तसेच उभे, आणि गर्डर पाऊण मिलिमीटर वर आलेला. यात भुताटकी काही नाही. वरचं डांबर उन्हात हात लावू देत नाही आणि खाली नदीवर गर्डरचा तळ सावलीत गार असतो. वरचा भाग पसरतो, तळ पसरत नाही, मग गर्डर पाठ वर काढतो. आदल्या दिवशी रिकाम्या पुलाच्या नोंदी घेतल्या त्या यासाठीच. त्या वजा केल्या की निव्वळ भाराचं वाकणं उरतं. ही वजाबाकी न केलेले अहवाल मी पाहिलेत. दुपारचा आकडा धरला तर कुठलाही पूल पहिलवान ठरतो.

वजाबाकी करूनही वाकणं कमीच भरलं. भार उतरवल्यावर ते ९० टक्क्यांच्या वर परत आलं, चुन्यावर नवा तडा नाही. साहेब खूश. "म्हणजे डिझाइनपेक्षा भक्कमच की!"

कमी वाकणं ही चांगली बातमी असेलच असं नाही. गर्डर खांबावर ज्या टेकूवर बसतो ते बेअरिंग, आणि एका टोकाला ते रोलरचं असतं, म्हणजे गर्डरला सरकता येतं. मी गाळ्याच्या रोलरकडच्या टोकाला एक आडवा गेजही लावून ठेवला होता. दिवसरात्रीच्या तापमानाच्या फरकाने ते टोक मिलिमीटर-दीड मिलिमीटर तरी पुढेमागे सरकायला हवं होतं. काटा जागचा हलला नव्हता.

शिडी लावून खांबाच्या माथ्यावर गेले. रोलर दिसतच नव्हता. माती, कबुतरांची विष्ठा आणि पापुद्रे सुटलेला गंज यांचा एकच गोळा झाला होता. हातोडीने टोकरल्यावर गंजाच्या चकत्या निघाल्या, आत लोखंड कितपत शिल्लक आहे ते कळेना. वर, दोन गाळ्यांमधल्या मोकळ्या सांध्यातही डांबर भरून तो बुजवलेला. म्हणजे गर्डर दोन्ही टोकांना जखडलेला. तो वाकताना खालची टोकं बाहेर सरकू पाहतात. ती सरकली नाहीत की तिथे आडवा रेटा तयार होतो आणि वाकणं कमी होतं. तोच रेटा खांबाच्या माथ्याला बसतो, आणि माथा त्यासाठी बांधलेलाच नसतो. बेअरिंगखालच्या काँक्रीटला कडेकडे जाणारा तिरका तडा होता, बोटाचं नख आत जाईल एवढा. गर्डर शाबूत, पण तो ज्यावर टेकलाय ती कड तुटत चाललेली.

दुसरी गोष्ट डांबराची. स्लॅबवरून कोअर (आरपार नळीसारखा नमुना) काढला तर डांबर जवळजवळ २०० मिलिमीटर निघालं. दर नूतनीकरणात जुनं न खरवडता वर नवा थर. मूळ आराखड्यात ७५ धरलेलं. जादा १२० मिलिमीटर म्हटलं तरी साडेसात मीटर रुंदीच्या एका गाळ्यावर ३० टनांच्या पुढे वजन जातं. भरलेला दहाचाकी टिपर कायमचा उभा करून ठेवल्यासारखंच. आणि गंमत म्हणजे चाचणीत तो दिसतच नाही, कारण आमचे गेज शून्यावर लावतो तेव्हा गर्डर त्या वजनाने आधीच वाकलेला असतो.

साहेबांना एका शब्दात उत्तर हवं होतं, पास की नापास. मी मांडवीचं उदाहरण दिलं. पणजीचा तो पूल १९८६ मध्ये पडला, तेव्हा आतल्या प्रीस्ट्रेस केबल गंजल्या होत्या. काही पूल वाकून सांगतात, काही सांगत नाहीत. हा आरसीसीचा, गर्डर सांगेल. माथ्याची कड सांगेलच असं नाही.

अहवालात लिहिलं: वाकण्याच्या निकषावर पास. डांबर लगेच खरवडा, सांधे मोकळे करा, गर्डर जॅकने उचलून बेअरिंग बदला, खांबांच्या माथ्यांना बाहेरून वेढणारं जाकीट करा. तोवर दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर बंद.

डांबर महिन्याभरात निघालं. बेअरिंगचं अंदाजपत्रक त्रुटी लागून दोनदा परत आलंय. ट्रॉल्यांच्या बंदीची पाटी मात्र पुलाच्या दोन्ही तोंडांना लागली, आणि हंगामात तिच्याखालून दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर गेले. तसे फोटो काढून मी पत्राला जोडले आहेत.